कोरं कपाळ

माझ्या मुलीचं कपाळ कोरं राहिलं आहे, असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. हात परातीतच थांबला. मी काही बोलले नाही. मला माणसांपुढे बोलणं जमत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही बाईंनी उभं केलं की येत असलेलं उत्तर घशात अडकायचं. लिहायला मात्र आवडायचं. आता तनू दुपारी झोपली की दाराला कडी लावून थोडं थोडं लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही. पण माझ्यावर फार मोठा उपकार झाला आहे. तो कोणी केला हे मला नीट सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून विसरूनही चालणार नाही.

आम्ही बोईसरला चाळीत एका खोलीत राहतो. मागच्या बाजूला कारखाने आहेत. वारा फिरला की औषधासारखा वास येतो, त्याची सवय होते. सासर मासवणकडचं. तिथे पावसावरची थोडी भातशेती आहे, ती सासूबाई बघतात. तनूचे बाबा कारखान्यात पाळीवर जातात. तनू आमची पहिली. दिवस भरायच्या खूप आधीच ती आली, एवढीशी, की बाबांच्या तळव्यात मावली असती. सरकारी दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, पायाला वायर. मी दुसऱ्या वॉर्डात पडून होते आणि दूध काढून वाटीतून पाठवत होते. त्या दिवसांत तारीख-वार कोणाच्या ध्यानात नव्हते. ती जगेल की नाही, एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर दिसायचं.

आमच्याकडे बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. पाट्यावर वरवंटा उभा करायचा, त्याला हिरवं कापड नेसवायचं, हळद-कुंकू लावायचं. तीच सटवाई. तिच्यापुढे भिजवलेले हरभरे, सुपारी, हळकुंड, लिंबू मांडायचं. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं आणि बाळाला तिच्यापुढे निजवायचं. मग सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते. ती लिहीत असताना कोणी बघायचं नाही, आईनेही नाही. आई पाठ करून बसते. बघितलं तर सटवाई अर्धंच लिहून उठते, आणि अर्धं लिहिलेलं कोऱ्यापेक्षा वाईट. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तनूच्या पाचव्या दिवशी तनू काचेत होती. पूजा राहिली. पुढे ती जगली, घरी आली, आणि त्या आनंदात राहिलेली पूजा कोणाला आठवली नाही.

घरी आल्यावर दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे मी तिला उघड्या छातीशी धरून बसायची. महिने गेले. शेजारची पोरं पालथी पडली, बसायला लागली. तनू नुसती पडून बघायची. डॉक्टर म्हणाले, ती जन्मली त्या दिवसापासून मोजू नका, जन्मायला हवी होती त्या दिवसापासून मोजा. मी मान हलवली. घरी येऊन तसं मोजलं तरी भीती जायची नाही. तिच्या डोक्यात काही कमी तर राहिलं नाही ना, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही आणि एक दिवसही विसरले नाही.

मग उन्हाळा लागला आणि तनूने राहिलेलं भरून काढायला घेतलं. बसू लागली, आणि बसते आहे म्हणेपर्यंत रांगू लागली. माझ्या भावाने तिला घुंगरांचे वाळे आणले होते. ते वाजले की पाठमोरी असतानाही मला कळायचं ती कुठे पोचली. मी खोलीतलं सगळं वर उचललं. शेगडी ओट्यावर सरकवली, बादली रिकामी करून पालथी घातली, फरशी दिवसातून कितीदा झाडायची त्याला मोजमाप नव्हतं. एक दिवस जेवताना ताटाबाहेर सांडलेलं भाताचं शीत तिने अंगठा आणि बोट जुळवून अलगद उचललं, आणि स्वतः न खाता माझ्या तोंडाशी धरलं. "दा," म्हणाली. तिच्या भाषेत दा म्हणजे घे. मी ते शीत खाल्लं आणि पदराने डोळे पुसले. ज्या पोरीचं काय होणार म्हणून मी आतल्या आत झुरत होते, ती मला भरवत होती.

त्याच दिवसांत ती कोपऱ्याकडे बघून हसायला लागली.

मोरीच्या वरचा कोपरा. तिथे काही नाही, रंग उडालेली भिंत आहे. दुपारी चाळ शांत असते. पुरुष कामावर, बायका दारं लोटून आडव्या झालेल्या, पंख्याचा आवाज तेवढा. तनू खेळता खेळता थांबायची, मान वर करायची आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखी हसायची. तेवढ्यावर मी घाबरले नसते. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते, हे सगळेच म्हणतात. पण तनू जागी असायची आणि तिची नजर हलायची. कोपऱ्यातून खाली, मग भिंतीच्या कडेने सावकाश दारापर्यंत. कोणी चालत जावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं, तशी. दाराशी नजर थांबली की हातात जे असेल ते, चमचा, नाहीतर कापडाची चिंधी, ती पुढे करायची. "दा." हात तसाच धरून वाट बघायची. मग हात खाली घेऊन पुन्हा आपल्या खेळाला लागायची. एकदा उंबऱ्याच्या आत फरशी ओली दिसली. मी पुसली. पाणी मीच सांडलं असेल. कधी सांडलं ते मात्र आठवेना.

सासूबाई होळीनंतर आमच्याकडे राहायला आल्या. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांनी तनूला तसं बघताना बघितलं. सूप बाजूला ठेवलं. तनूची नजर दारापर्यंत गेली, तशी त्यांचीही गेली. मी पीठ मळत होते.

"हिची पाचवी नाय झाली," त्या हळूच म्हणाल्या. "कपाळ कोरं हाय पोरीचं. ती येते नि बघून जाते. आमी तिला मांडलंच नाय काय. बसायचं कुठं, लिवायचं कशानं?"

कपाळ कोरं असलं तर काय होतं, हे मी दोन दिवसांनी धीर करून विचारलं. त्यांनी तनूच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "लिवलंच नाय त्याचं काय सांगायचं. हाय तवर हाय."

तनूच्या बाबांना हे पटत नव्हतं. जेवताना ते आईला चिडवायला म्हणाले, "इतके दिवस तिला बोईसरचा पत्ता नाय सापडला काय?"

"सापडलाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हनून तर सांगते."

पुढच्या आठवड्यात पूजा मांडायचं ठरलं.

त्याआधी तनूला गोवराचं इंजेक्शन द्यायचं होतं. मी एकटीच तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. रांगेत उभी असताना मनात घोकत होते, की आज सिस्टरला विचारायचं, पोर रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसते, हात पुढे करते, हे बरोबर आहे का. नंबर आला, सुई टोचली, तनू रडली, सिस्टरने पुढच्या बाईला हाक मारली. माझे शब्द आतच राहिले. मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बसले. तनू काही केल्या थांबेना.

शेजारी एक बाई बसलेली होती. ती कधी येऊन बसली ते मी पाहिलं नाही. तिचं वय सांगता येणार नाही. अंगावर धुऊन धुऊन विटलेलं हिरवं लुगडं. त्याचा खालचा काठ ओला होता, गडद दिसत होता. त्या उन्हात नळाखालून काढलेला हातसुद्धा लगेच सुकत होता, म्हणून मला ते ध्यानात राहिलं.

"चिमटीनं उचलते का आता?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तनूचं शीत उचलणं मी अजून सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं.

"मग आता शिकून ठेव."

असं म्हणून तिने तनूला माझ्या मांडीवरून उचललं. तनूचं रडणं तिथेच थांबलं. बाईने तिला आपल्या हातावर पालथी घेतली, तळव्यात हनुवटी धरली, हात मांडीवर टेकवला आणि डोकं अंगापेक्षा खाली केलं. सगळं सावकाश, मी बघावं म्हणून. मग दुसऱ्या हाताने माझ्याच पाठीत मारलं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने. मी हादरले. हात थंड होता आणि खरखरीत, नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारखा.

"पोरीला आता नाय मारत, तुला दाखवते. हितं मारायचं. येवढ्या जोरानं. लाडानं मारशील तर नाय निघायचं." मग तनूला उताणी करून छातीच्या मधल्या हाडावर तिने दोन बोटं नुसती टेकवली. "पाठीत मारून नाय निघालं तर हितं दाबायचं. मग परत पाठ. तोंडात बोट नाय घालायचं. दिसलं तर काढ, नाय दिसलं तर बोटानं आत जातं. पाणी नाय पाजायचं."

तिने तनूला माझ्याकडे दिलं. तनूने माझ्या पदराचं टोक तिच्यापुढे धरलं, "दा" म्हणाली, आणि त्या बाईने ते खरंच घेतल्यासारखं दोन बोटांत धरून परत दिलं. मी पिशवी सावरायला खाली वाकले. वर बघितलं तेव्हा बाक रिकामा होता. बाकाखाली फरशीवर ओल होती. व्हरांड्यात इतकी माणसं होती, त्यात ती कुठे गेली ते कळलं नाही. डोक्याने फिरलेली असेल, नाहीतर कुठल्या गावची जुनी सुईण असेल, असं मी मनाला सांगितलं. घरी बोलले नाही. कोणी अनोळखी बाईने पोरीला हात लावला म्हटल्यावर सासूबाईंनी दहा प्रश्न विचारले असते. पण रात्री पाठ दुखत होती, अगदी त्याच जागी.

पूजेचा दिवस आला. सासूबाईंनी दिवेलागणीची वेळ धरली. तनूच्या बाबांची पाळी होती, ते घरी नव्हते. पाटा मांडला, वरवंटा उभा केला, हिरवा खण नेसवला, हळद-कुंकवाचं तोंड रेखलं. पुढे केळीच्या पानावर भिजवलेले हरभरे, सुपारी, हळकुंड, लिंबू, शेजारी पाण्याची वाटी. कागद आणि पेन. समई. तनू दूध पिऊन झोपली होती. सासूबाईंनी तिला गोधडीवर, पाट्यापुढे निजवलं, पाच दिवसांच्या बाळाला निजवतात तशी. पान तिच्या हाताच्या अंतरावर होतं. मला ते दिसलं. ही आता पाच दिवसांची नाही, ठेवली तिथे राहत नाही, असं माझ्या ओठांपर्यंत आलं. पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नातीचं आयुष्य मागायला बसलेल्या बाईला मध्येच काय सांगायचं, असं वाटलं आणि मी गप्प राहिले.

"मी भायेर पायरीवर बसते," त्या म्हणाल्या. "हाक मारीस्तोवर मागं बघायचं नाय. काय बी आवाज आला तरी नाय."

त्यांनी दार ओढून घेतलं. मोरीच्या समोरच्या भिंतीकडे तोंड करून मी बसले. समईच्या उजेडात माझीच सावली भिंतीवर होती. मी हात जोडून म्हणत होते, लिही बाई, चांगलं लिही, थोडं लिही पण चांगलं लिही.

थोड्या वेळाने वाळे वाजले. तनू उठली होती. मी मागे बघितलं नाही. ती हसली, कोपऱ्याकडे बघून हसते तसंच. मग बोलायला लागली, तिची ती पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी भाषा. बोलायची आणि थांबायची. थांबायची ती कोणाचं ऐकून घेतल्यासारखी, आणि मग पुन्हा बोलायची. ओलं कापड फरशीवरून ओढत नेल्यासारखा बारीक आवाज आला. "दा," तनू म्हणाली. "दा." माझ्या अंगावर काटा उभा राहिला. पण मला बरंही वाटत होतं. माझ्या मुलीशी ती बोलते आहे, आता बसली आहे, आता लिहील, असं वाटत होतं.

मग तनूचा आवाज बंद झाला.

वाळे मात्र वाजत होते. जोरात, भरभर, ताल नसलेले. वाळे वाजतात आणि पोर हूं की चूं करत नाही, असं मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. माझं मन म्हणालं, आता लिहिते आहे, हीच वेळ, आता बघितलंस तर अर्धं राहील. मी डोळे घट्ट मिटले. मी म्हटलं, तुझ्या हवाली केली आहे, तूच बघ. मी खरोखर तसं म्हटलं.

तेव्हा माझ्या पाठीत मार बसला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. थंड, खरखरीत. येवढ्या जोरानं.

मी मागे वळले.

तनू पानापाशी बसलेली होती. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. ओठ जांभळे पडत चालले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुढचं मी विचार करून केलं नाही, हातांनी केलं. तिला पालथी घेतली, हनुवटी तळव्यात, हात मांडीवर, डोकं खाली. पाठीत मारलं. लाडाने मारलं गेलं. पुन्हा मारलं, जोरात. आवाज ऐकून सासूबाई दार ढकलून आत आल्या.

"पोरीला मारते कशाला?" म्हणत त्या खाली बसल्या आणि तनूचं तोंड बघून त्यांनी बोट पुढे केलं.

"आई, बोट नको. हात काढा," मी म्हणाले. मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात कोणाला बोलले नव्हते. त्यांनी हात मागे घेतला. मी तनूला उताणी करून दोन बोटांनी छाती दाबली, पुन्हा पालथी घेतली, पुन्हा मारलं. माझ्या हाताखाली तिची एवढीशी पाठ, जिला मी महिनोन्‌महिने छातीशी धरून ऊब दिलेली, तिच्यावर मी मारत होते आणि देवीचं नाव घ्यायलाही सुचत नव्हतं. मग टप् असा आवाज झाला. फरशीवर भिजून फुगलेला हरभरा पडला. क्षणभर काहीच झालं नाही. आणि तनू रडली.

शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या भाभींनी रडणं-ओरडणं ऐकून दार वाजवलं. "क्या हुआ भाभी? बच्ची को दो, नहीं, आप ही पकड़ो, मैं रिक्शा निकलवाती हूँ," असं एका दमात बोलून त्यांनी नवऱ्याला उठवलं. त्याची रिक्षा आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी तनूची छाती नीट ऐकली, दोन्हीकडे वारा चांगला जातो म्हणाले, तरी रात्री खोकला आला किंवा श्वासात शीळ ऐकू आली तर लगेच आणायला सांगितलं. अख्खे हरभरे, शेंगदाणे, सुपारी असलं काही पुढची काही वर्षं तिच्या हाताला लागू द्यायचं नाही, हेही बजावलं. मग विचारलं, पाठीत असं मारायचं तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हटलं, एका बाईनं. कुठली बाई, ते सांगता आलं नाही.

घरी आलो तेव्हा समई तशीच जळत होती. आता निवांतपणे सगळं दिसलं. वरवंटा पाट्यावर नव्हता. मी जिथे बसले होते तिथे, भिंतीपाशी येऊन पडला होता. तनूने खण ओढला असेल, तो पडला असेल, गडगडत आला असेल. सासूबाई तसं म्हणाल्या आणि मीही हो म्हटलं. पण आमच्या खोलीची फरशी मोरीकडे उतरती आहे. सांडलेलं पाणी, सुटलेला चेंडू, सगळं मोरीकडे जातं. मी मोरीच्या उलट बाजूला बसले होते. आणि जमिनीवरून आलेला दगड मांडीला लागला असता, मला लागलं ते खांद्यांच्या मध्ये. मी यातलं काही कोणाला पटवायला जात नाही. जसं होतं तसं लिहिलं. वरवंटा उचलला तेव्हा खणाचा खालचा काठ ओला होता. लिंबाजवळ पाण्याची वाटी होती, ती तनूने कलंडवली असेल.

"तू मागं बघितलंस," सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही.

"हो आई."

त्यांनी समईची वात पुढे सारली. मला वाटलं आता म्हणतील, अर्धं राहिलं. तेवढ्यात त्यांना तनूची मूठ दिसली. दवाखान्यात जाऊन येईपर्यंत तिने ती सोडली नव्हती, आणि आम्हा कोणाचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. त्यांनी एकेक बोट सोडवलं. आत पूजेचा कोरा कागद होता, चोळामोळा झालेला. एक कोपरा नव्हता.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "काय लिवलं आसंल ते हिनं खाल्लं." आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता तोंडात पदर धरून रडल्या. तनू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने चोळामोळा झालेला तो कागद उचलून त्यांच्यापुढे केला. "दा."

पुढे मी पुन्हा आरोग्य केंद्रात गेले. या वेळी सिस्टरला विचारलं. इतकं झाल्यावर विचारणं फार अवघड वाटलं नाही. हिरव्या लुगड्यातली, ओल्या काठाची बाई तुमच्याकडे येते का? त्या म्हणाल्या, इथे रोज किती बायका येतात, कोणाकोणाचं लुगडं बघू? त्यांचं खरंच आहे. कोपऱ्याकडे बघून हसण्याचंही विचारलं. पोर आवाजाकडे वळते का, नावाला ओळख देते का, हे त्यांनी टाळ्या वाजवून, हाका मारून बघितलं. चांगली आहे, म्हणाल्या, मुलं उजेड-सावली बघून हसतात. मी ऐकून घेतलं. तेही खरंच असेल.

पावसाच्या आधी आम्ही मासवणला गेलो. सटवाईचं ठाणं तिथे सूर्या नदीच्या काठाला आहे. एक दगड, कोणी घडवलेला नाही, शेंदूर लावलेला. बायका बाळंतपणानंतर तिथे जाऊन खण वाहतात. लग्नानंतर मी एकदा लांबून बघितला होता, जवळ गेले नव्हते. या वेळी तनूला कडेवर घेऊन अगदी पुढे गेले. नदीला पाणी कमी होतं, पण दगडाच्या पायापर्यंत येत होतं. कोणीतरी वाहिलेला हिरवा खण त्याला नेसवलेला होता, उन्हाने विटलेला, आणि त्याचा खालचा काठ पाण्यात भिजून गडद झालेला होता. माझे पाय तिथेच थांबले. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण ती पळून जायला लावणारी भीती नव्हती. मोठं माणूस समोर आलं की आपोआप मान खाली जाते, तसं काहीतरी होतं.

सासूबाईंनी हरभरे वाहिले आणि तनूचा हात तिकडे जाताच त्यांनीच तो पकडला. "लिव नायतर नको लिव," त्या दगडाला म्हणाल्या, "पोर आमची हातपाय मारते, खाते, पिते, आमी बी बघतो तिच्याकडं. तू बी बघ." एवढीच त्यांची प्रार्थना. माझी तेवढीही झाली नाही. मी दगडाला हात लावला. थंड होता, खरखरीत होता. मी म्हटलं, तू मला शिकवलंस, आणि मी पाठ करून बसले तेव्हा तूच मला वळवलंस. बाकी काही मागायचं राहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी देवावर सोपवते ते डोळे उघडे ठेवून सोपवते. तिच्या आयुष्यात पुढे काय आहे ते माझ्या हाती नाही, कधी नव्हतं. काचेच्या पेटीबाहेर उभी होते तेव्हाही नव्हतं. फरशी झाडणं माझ्या हाती आहे, घास कुसकरून देणं आहे, ती गप्प झाली की वळून बघणं आहे. तेवढं मला दिलं आहे, आणि ते मी केलं नाही तर देणाऱ्याने तरी काय करावं? कपाळ कोरं असेल तर असो. मी रोज अंघोळीनंतर त्यावर काजळाची तीट लावते.

तनू आता भिंतीला धरून उभी राहते. दुपारी अजूनही कधी कधी थांबते आणि मोरीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघून हसते. मी हातातलं काम ठेवून तिच्यापाशी जाते. आधी तिची मूठ उघडून बघते. मग कोपऱ्याकडे वळून हात जोडते.